उंची संपण्याआधीचा निर्णय

पुण्यात हडपसरला, सासवड रस्त्यालगत गवताचं एक मोठं मैदान आहे. आजूबाजूला इमारतींची दाटी झाली तरी ते मोकळं राहिलं आहे, कारण तिथे ग्लायडिंग सेंटर आहे. मैदानाच्या एका टोकाला विंच असते, म्हणजे इंजिनावर फिरणारा भलामोठा रूळ. दुसऱ्या टोकाला ग्लायडर. दोघांमध्ये लांबच लांब केबल अंथरलेली. विंच फिरू लागली की केबल गुंडाळली जाते, ग्लायडर गवतावरून थोडंसं धावतं, जमीन सोडतं आणि नाक वर करून झपाट्याने चढू लागतं. अर्ध्या-पाऊण मिनिटात ते तीनेकशे मीटरवर पोहोचतं. मग वैमानिक पिवळी मूठ ओढून केबल सोडतो आणि पुढचं सगळं हवेच्या भरवशावर.

पण केबल मध्येच तुटली तर?

जगभरच्या ग्लायडिंग शाळांत हा प्रश्न विद्यार्थ्याला एकट्याने उडू देण्याआधी पुन्हा पुन्हा विचारला जातो. नुसता विचारला जात नाही. प्रशिक्षक बरोबर असताना मुद्दाम केबल सोडून त्याची तालीम करून घेतली जाते. शंभर मीटरवर केबल तुटते त्या क्षणी ग्लायडरचं नाक आभाळाकडे असतं आणि ओढणारं बळ नाहीसं झालेलं असतं. दोन-तीन सेकंदांत वेग कोसळतो. तेव्हा पहिलं काम एकच : नाक खाली. जमीन जवळ दिसत असताना नाक जमिनीकडेच वळवायचं, हे मनाविरुद्ध वाटतं, म्हणून तर सराव लागतो. नाक खाली घातलं, तरी वेग लगेच येत नाही. वेगकाटा पुरेसा वर येईपर्यंत वळायचं नाही, एअरब्रेक, म्हणजे पंखांवरच्या उतरताना उघडायच्या फळ्या, उघडायचे नाहीत. वेग आला की केबलचा उरलेला तुकडा लटकत राहू नये म्हणून पिवळी मूठ ओढायची. त्यानंतर समोर पाहायचं. मैदान समोर शिल्लक आहे? मग सरळ उतरायचं. नसेल, तरच वळायचं. किती उंचीपर्यंत सरळ आणि किती उंचीनंतर वळून, हे उत्तर त्या दिवसाच्या वाऱ्यानुसार केबल जोडण्याआधीच ठरवलेलं असतं.

ग्लायडर उडवण्याची सगळी विद्या या छोट्या प्रसंगात सापडते. उंची कमी असताना विचार करायला वेळ नसतो, म्हणून विचार आधी करून ठेवायचा.

ग्लायडरला इंजिन नसतं. काही आधुनिक ग्लायडरांत छोटं इंजिन असतं, पण मूळ प्रकार बिनइंजिनाचाच. ते सतत खाली घसरत असतं, फक्त अतिशय सावकाश. शिकवणीच्या चांगल्या ग्लायडरची घसरण साधारण एकास तीस असते, म्हणजे एक मीटर खाली येताना ते तीस मीटर पुढे जातं. स्पर्धेतल्या महागड्या ग्लायडरांत हेच प्रमाण एकास पन्नास-साठपर्यंत पोहोचतं. या हिशेबाने ३०० मीटर उंचीवरचं शिकवणीचं ग्लायडर नऊ किलोमीटरवर पोहोचायला हवं. कागदावर पोहोचतंही.

प्रत्यक्षात हवा स्थिर नसते. तापलेल्या जमिनीवरून गरम हवेचे लोट वर चढतात, त्यांना वैमानिक थर्मल म्हणतात. जेवढी हवा वर जाते तेवढी आजूबाजूला खाली उतरते. समजा ग्लायडर ताशी ९० किलोमीटर वेगाने चाललंय. शांत हवेत ते सेकंदाला सुमारे ८० सेंटिमीटर खाली येईल. पण आजूबाजूची हवाच सेकंदाला दोन मीटर खाली जात असेल, तर एकूण उतार तिपटीहून जास्त होतो आणि नऊ किलोमीटरचे तीन किलोमीटरही उरत नाहीत. त्यात समोरून ताशी वीस किलोमीटरचा वारा आला, तर उरतात जेमतेम दोन. तीच उंची, तेच ग्लायडर. म्हणून शहाणा वैमानिक पुस्तकातल्या आकड्याच्या निम्म्यावर विसंबतो, कधी त्याहूनही कमीवर.

अशा खाली जाणाऱ्या हवेत अडकल्यावर वेग कमी करून जास्तीत जास्त वेळ तरंगत राहावं, असं वाटणं साहजिक आहे. हिशेब नेमका उलटा आहे. त्या हवेतून जितक्या लवकर बाहेर पडाल तितकी उंची वाचते, म्हणून तिथे वेग वाढवायचा असतो. कुठे किती वेगाने उडायचं याचा सोपा हिशेब अमेरिकेच्या पॉल मॅक्रेडी यांनी लोकप्रिय केला. १९५६ साली फ्रान्समधल्या जागतिक ग्लायडिंग स्पर्धेत ते विजेते ठरले. उंचीमापकाशेजारच्या व्हेरिओमीटरवर, म्हणजे आपण सेकंदाला किती चढतो-उतरतो ते दाखवणाऱ्या यंत्रावर बसवायची फिरती कडी त्यांच्याच नावाने ओळखली जाते. हेच मॅक्रेडी पुढे माणसाच्या पायांच्या बळावर उडणारं ‘गॉसमर काँडोर’ हे विमान बनवण्यासाठी प्रसिद्ध झाले.

भारतातही ग्लायडरं बनली. नागरी विमान वाहतूक खात्याच्या तंत्रज्ञांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांची आखणी केली आणि त्यांना नक्षत्रांची नावं दिली : अश्विनी, भरणी, रोहिणी, मृगशीर, आर्द्रा. ‘रोहिणी’त प्रशिक्षक आणि विद्यार्थी शेजारी शेजारी बसत. शिकवणीत ही मांडणी फार उपयोगी पडते, कारण विद्यार्थ्याची नजर कुठे आहे हे प्रशिक्षकाला दिसतं. उंची कमी झाल्यावर नजर कुठे आहे, यावरून पुष्कळ कळतं. ती सतत यंत्रांवर खिळली असेल तर माणूस घाबरला आहे. ती बाहेर, जमिनीवर फिरत असेल तर तो अजून विचार करतोय.

दख्खनच्या पठारावर मार्च ते मे महिन्यांत थर्मल जोरदार असतात. काळी, कोरडी शेतं, उघडे डोंगर, कडक ऊन. हवा तापते आणि उसळते. सह्याद्री ओलांडून खाली कोकणात आलं की चित्र बदलतं. मालवण तालुक्यातल्या कट्ट्याचं उदाहरण घ्या. मालवण-कसाल रस्त्यावरचं हे गाव समुद्रापासून फार लांब नाही. दुपार होता होता खारा वारा आत शिरतो. समुद्रावरून आलेली ही हवा गार आणि दमट असते, ती जमिनीलगत पसरते आणि थर्मलची उसळी मारून टाकते. सकाळी दहा-अकराच्या सुमारास कट्ट्याच्या बाजारपेठेवर घारी पंख न हलवता गोल गोल चढताना दिसतात. दुपारी वारा जोर धरतो तेव्हा त्याच घारींना पंख मारावे लागतात. ग्लायडर असतं तर वैमानिकाने घारींकडे पाहूनच ओळखलं असतं की आता वर चढायची आशा कमी होत चालली आहे. ग्लायडरवाले पक्ष्यांवर खरोखरच अशी नजर ठेवतात. घार ज्या ठिकाणी घिरट्या घालत चढतेय, तिथे थर्मल असल्याचा याहून चांगला पुरावा नाही.

मग उंची उतरू लागली की काय करायचं? जगभरच्या शिकवणीत उंचीचे टप्पे आखून दिलेले असतात. आकडे देशागणिक आणि शाळेगणिक थोडे बदलतात, पण क्रम सारखाच असतो.

जमिनीपासून साधारण ९०० मीटरवर वैमानिकाने स्वतःला विचारायचं की आपण उतरण्याजोग्या मुलखाकडे चाललोय की जंगल, दरी, शहर यांच्याकडे. उत्तर मनासारखं नसेल तर दिशा बदलायची, थर्मल त्या बाजूला असो वा नसो. ६०० मीटरवर असा परिसर हेरायचा, जिथे दोन-तीन शेतं उतरण्याजोगी आहेत. ४५० मीटरवर त्यातलं एक शेत पक्कं करायचं. थर्मल शोधायला अजूनही मुभा आहे, पण त्या शेताच्या आवाक्याबाहेर न जाता. आणि ३०० मीटरवर शोध संपतो. वाऱ्याला पाठ देऊन शेताला समांतर उडायचं, आडवं वळायचं, मग वाऱ्याला सामोरं होऊन उतरायचं. त्या वेळी व्हेरिओमीटरने चढत असल्याचा आवाज दिला, तरी त्याच्याकडे लक्ष द्यायचं नाही.

या टप्प्यांत एक सापळा आहे. उंचीमापक हवेच्या दाबावर चालतो आणि उड्डाणाच्या मैदानावर तो शून्यावर लावलेला असतो. हडपसरला शून्यावर लावलेला काटा दिवे घाटापलीकडे ४५० मीटर दाखवत असेल, तर खाली प्रत्यक्ष तेवढी जागा नसते, कारण सासवडचं पठार पुण्याहून उंच आहे. म्हणून अनोळखी मुलखात यंत्रापेक्षा डोळ्यांचा अंदाज महत्त्वाचा. झाडांची पानं वेगळी दिसू लागली का, गुरांचे पाय दिसतात का, अशा खुणांनी वैमानिक उंची ताडतात.

शेत निवडताना काय पाहायचं? लांबी, आकार, उतार, पृष्ठभाग, कडेचे अडथळे, गुरं आणि वारा. ही यादी पाठ असते. कट्ट्याच्या आभाळात ती एकेक करून लावून पाहिली, तर तिचा अर्थ लख्ख कळतो.

पहिली नजर भातशेतीवर जाईल. उन्हाळ्यात ती सपाट, मोकळी दिसते. पण कोकणातला भाताचा कुणगा, म्हणजे शेताचा तुकडा, लहान असतो आणि दर थोड्या अंतरावर मेर, म्हणजे मातीचा बांध. पाचशे मीटरवरून ही मेर नुसती रेघ वाटते. ताशी सत्तर किलोमीटर वेगाने चाकाखाली आली तर ग्लायडर मोडू शकतं. शिवाय खालचा आणि वरचा कुणगा यांत पायरी असते. ज्या मळ्यात पाणी आहे तिथे वायंगणी भात उभं असेल. तो हिरवा रंग वरून गवतासारखा दिसला तरी जमीन ओली आणि मऊ असते. पावसाळ्यात तर हा सगळा भाग चिखलाचाच.

मग सडा, म्हणजे उघडं कातळपठार. मालवणच्या परिसरात जांभ्या दगडाचे मोठाले सडे आहेत. चिपी विमानतळ अशाच सड्यावर उभा आहे.  सडा लांब-रुंद आहे, झाडं कमी, उतार बेताचा. वरून पाहिलं तर याहून चांगली जागा नाही असं वाटेल. पण कातळ खडबडीत असतो, खड्डे असतात, अर्धवट चिरे काढलेल्या खाणी असतात आणि हद्दीचे गडगे असतात. जांभ्याच्या दगडांची ही कोरडी भिंत कातळाच्याच रंगाची, त्यामुळे उंचावरून दिसतच नाही. ती शोधायची तर सावलीवरून. सकाळी आणि संध्याकाळी गडग्याची सावली पडते, भर दुपारी पडत नाही.

उरते किनारपट्टी. तारकर्लीची पुळण लांब आहे आणि ओहोटीला ओली वाळू घट्ट होते. पण तिथे माणसं असतात, होड्या असतात, वाळत घातलेली जाळी असतात. भरतीला रुंदी आक्रसते. आणि वारा समुद्रावरून आडवा येत असतो, म्हणजे उतरताना ग्लायडर माडांच्या दिशेने ढकललं जाणार.

विजेच्या तारा सगळीकडेच. तार हवेतून जवळजवळ कधीच दिसत नाही, म्हणून वैमानिक तार शोधत नाहीत, खांब शोधतात. मांगर किंवा पंप दिसला की तिथवर वीज आली असणार असं धरून चालतात. दोन खांबांमध्ये तार आहे असंच मानायचं, दिसो वा न दिसो. वाऱ्याची दिशा धुरावरून, वाळत घातलेल्या कपड्यांवरून, तळ्याच्या पाण्यावरच्या लहरींवरून कळते. उतार ठळक असेल तर वाऱ्यापेक्षा उताराला मान देऊन चढाच्या बाजूने उतरायचं. यातलं काहीही शंभर मीटरवर उमगत नाही. सहाशे मीटरवर, डोकं शांत असताना, एक घिरटी घालून ते पाहून घ्यावं लागतं.

एवढं सगळं शिकवूनही अनुभवी माणसं चुकतात. कारण बहुतेक वेळा एकच असतं : घरी पोहोचायचा मोह. अजून एक थर्मल मिळेल, पलीकडच्या टेकडीवर उचल असेल, मैदान दिसतंय तर पोहोचूच. वैमानिक एखाद्या दुबळ्या थर्मलमध्ये दोनशे मीटरवर घिरट्या घालत राहतो. चढत तर नाही, पण उतरतही नाही, म्हणून आशा सुटत नाही. तोवर वाऱ्याबरोबर तो निवडलेल्या शेतापासून दूर वाहत जातो. मग अचानक हवा खाली जाऊ लागते आणि खाली जे असेल तिथे उतरावं लागतं.

त्याहून घातक असतं शेवटचं वळण. पंखांवरून हवा नीट वाहण्यासाठी ठरावीक वेग लागतो. तो गेला की पंख उचल देणं सोडतात, याला स्टॉल म्हणतात. वळताना हा किमान वेग वाढतो. पंख साठ अंश कलते केले, तर सरळ उड्डाणापेक्षा सुमारे एक्केचाळीस टक्के जास्त वेग लागतो. जमीन जवळ असताना माणसाला पंख कलते करायची भीती वाटते. तो ते कमी कलते करतो आणि वळण पुरं करायला पायाने सुकाणू जास्त दाबतो. ग्लायडर तिरपं घसरू लागतं. वाऱ्याला पाठ असली की जमीन वेगाने मागे पळताना दिसते, वेग भरपूर आहे असा भास होतो आणि हात आपोआप नाक वर खेचतो. तिरपं घसरणं आणि कमी वेग एकत्र आले की आतला पंख अचानक पडतो आणि ग्लायडर गिरक्या घेत कोसळतं. त्यातून सावरायला जेवढी उंची लागते, तेवढी शेवटच्या वळणावर उरलेली नसते.

यावर उपाय साधा आहे, पण तो आधी करायचा असतो. वळण उंचावर पुरं करायचं. वेग ठरवून धरायचा. वारा जोराचा असेल तर जमिनीलगत तो अचानक मंदावतो, म्हणून थोडा वेग जादा ठेवायचा. काचेवर बाहेरून चिकटवलेला लोकरीचा छोटासा धागा सरळ आहे ना, ते पाहायचं. तो एका बाजूला वळला की ग्लायडर तिरपं चाललंय. कोट्यवधी रुपयांच्या ग्लायडरवरही हा धागा असतो, कारण त्याच्याइतकं लगेच आणि नजरेसमोर दुसरं काही सांगत नाही.

ही शिस्त इंजिनवाल्या विमानांनाही वाचवते. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचं बोइंग ७६७ सुमारे ४१ हजार फुटांवर असताना त्याचं इंधन संपलं. इंधन भरताना किलोग्रॅमऐवजी पौंडांचा हिशेब झाला होता, त्यामुळे गरजेच्या निम्म्याहून कमीच इंधन टाक्यांत होतं. विमानात ६१ प्रवासी आणि ८ कर्मचारी होते. कॅप्टन बॉब पिअर्सन ग्लायडर उडवणारे होते. सहवैमानिक मॉरिस क्विंटल यांनी किती अंतरात किती उंची गेली ते मोजलं आणि विनिपेगपर्यंत पोहोचणार नाही हे उंची हातात असतानाच ओळखलं. त्यांनी गिमली इथली हवाई दलाची जुनी धावपट्टी सुचवली. सैन्यात असताना ते तिथे होते. धावपट्टीजवळ पोहोचल्यावर अडचण उलटी झाली, उंची जास्त उरली होती. पिअर्सन यांनी ग्लायडरवाल्यांची युक्ती वापरली, विमान मुद्दाम तिरपं घसरवलं आणि उंची झाडली. पुढचं चाक दुमडलं, पण सगळे वाचले. हे विमान तेव्हापासून ‘गिमली ग्लायडर’ म्हणून ओळखलं जातं.

१५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कमध्ये वेळ त्याहून फार कमी होता. यूएस एअरवेजच्या एअरबस ए-३२० ला उड्डाणानंतर लगेच, तीन हजार फुटांच्याही खाली, हंसांचा थवा धडकला आणि दोन्ही इंजिनांचा जोर गेला. कॅप्टन चेस्ली सुलेनबर्गर तरुणपणी हवाई दलाच्या अकादमीत ग्लायडर उडवायला शिकले होते. ला गार्डिया विमानतळावर परतायचं की शेजारच्या टेटरबरोला जायचं, हे दोन पर्याय त्यांनी थोड्याच वेळात बाजूला सारले आणि हडसन नदी निवडली. धडकेनंतर सुमारे साडेतीन मिनिटांत विमान पाण्यावर उतरलं. १५५ जण वाचले. तपासात सिम्युलेटरवर हाच प्रसंग पुन्हा उभा केला गेला. धडक बसताच क्षणात वळणारे काही वैमानिक परत पोहोचले. पण परिस्थिती ओळखून निर्णय घ्यायला ३५ सेकंद लागतात, असं धरून चाचणी केली तेव्हा परत फिरलेलं विमान धावपट्टीआधीच कोसळलं.

शेतात उतरणं ही ग्लायडिंगमध्ये नामुष्की नाही. लांब पल्ल्याच्या उड्डाणाला निघणाऱ्याने ते गृहीतच धरलेलं असतं. त्यासाठी पंख काढून ठेवता येतात, लांब बंद ट्रेलर असतो आणि तो घेऊन येणारे सोबती असतात. उतरल्यावर वैमानिक ग्लायडर सोडून जात नाही, कारण थोड्याच वेळात गाव जमतं आणि पंखावर कोणी टेकू नये हे सांगायला कोणीतरी हवं असतं. तो फोनवर ठिकाण कळवतो, शेताच्या मालकाला भेटतो, पिकाचं नुकसान झालं असेल तर भरपाईचं बोलतो. ट्रेलर येईपर्यंत पोरांना आत डोकावून यंत्रं पाहू देतो.

मैदानावर परतल्यावर प्रशिक्षक त्याच्याशी बोलायला बसतात. परत का येता आलं नाही, यावर फार वेळ जात नाही. शेत किती उंचीवर निवडलं, दुसरं शेत हाताशी होतं का, वारा कशावरून ओळखला, तारेचा खांब केव्हा दिसला, शेवटचं वळण कुठे पुरं झालं, हे एकेक विचारलं जातं. उत्तरं ऐकताना बाकीचे विद्यार्थीही भोवती बसलेले असतात, आणि त्यातलं कोणी ना कोणी पुढच्या आठवड्यात त्याच बाजूला उडणार असतं.